बंद कशाला म्हणायचं

नंदा, तू माझी मोठी पंचाईत करून गेलीस.

माणूस गेलं की मागच्यांनी रडायचं असतं, आणि मी रडले. तुझ्या अंगणात सगळ्यांसमोर रडले, मग स्टाफरूममध्ये तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून रडले. पण रडून झालं की माझी चिडचिड सुरू होते, हे तुला माहीत आहे. नवरात्राच्या पाचव्या माळेला तू गेलीस, तुझा दहावा अजून व्हायचाय, आणि मी इथे टेबलाशी बसून तुझ्याशी भांडते आहे. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुझी पद्धत नव्हती. चहा गार झाला तरी चालेल पण मुद्दा संपला पाहिजे, असं तुझं असायचं. मग या वेळी काय झालं?

लोक भेटतात आणि मला तुझे गुण सांगतात. किती शांत होत्या, किती हसतमुख होत्या. मी मान डोलावते. मनात म्हणते, शांत? हिच्याइतकी हट्टी बाई अख्ख्या तालुक्यात शोधून सापडायची नाही. एका शब्दावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. एकाच. 'बंद' म्हणजे काय? जगाला न पडलेला प्रश्न, आणि आपण दोघी त्याच्यापायी घसा कोरडा करायचो.

आठवतं ना, सुरुवात कशी झाली? तू अर्थशास्त्र शिकवायचीस, मी संख्याशास्त्र. तू इथली, पावसच्या अलीकडच्या वाडीतली; मी सांगलीची, नोकरीसाठी घाट उतरून आलेली. नवरा तिकडे, घर तिकडे, आणि संस्थेच्या सांगलीजवळच्या कॉलेजात बदली मागायचा माझा अर्ज कायम पर्समध्ये. एका दुपारी तू स्वयंरोजगारावरचा कुणाचातरी लेख माझ्यापुढे आपटलास. म्हणालीस, "हे बघ गो. सगळे चाललेल्या धंद्यांचा अभ्यास करतात. यशस्वी उद्योजकाच्या अंगी काय काय गुण असतात म्हणे. आणि ज्यांचं नाही चाललं, त्यांच्या अंगीही तेच गुण असले तर?"

मला तो प्रश्न इतका आवडला की मी डबा खायचा विसरले. आमच्या विषयात हे पहिल्यांदा शिकवतात. जे उरले त्यांनाच मोजलं आणि जे गेले त्यांना सोडून दिलं, तर निघालेलं उत्तर कितीही देखणं असलं तरी खोटंच. तू हे संख्याशास्त्र न शिकता बोलत होतीस. मग ठरलं. रत्नागिरीच्या आसपास ज्यांनी स्वतःचा धंदा उभा केला आणि तो बंद पडला, त्यांच्याकडे जायचं. का सुरू केला, कसा चालला, कशाने बंद पडला, सगळं त्यांच्याच तोंडून ऐकायचं. कॉलेजच्या संशोधन समितीने प्रकल्प मान्य केला. स्कूटर तुझी. मला चालवता येत नव्हती, म्हणून मी मागे, मांडीवर पिशवी घेऊन.

प्रश्नावली मी केली होती आणि मला तिचा अभिमान होता. पहिला महत्त्वाचा प्रश्न: आपला व्यवसाय कधी बंद झाला?

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरचा तो झेरॉक्सवाला आठवतो? मुंबईतली नोकरी सोडून आलेला. त्याच्या मशीनवर चादर होती, चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या होत्या, आणि घड्यांवर मांजर झोपलं होतं. मी प्रश्न वाचून दाखवला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या घरात कोण वारलं ते मी विचारलं.

"बंद? बंद कुठं झालाय? सध्या थांबवलाय."

कधीपासून, म्हटलं. "लाईट सारखी जायची ना, तेव्हापासून." मग परत कधी सुरू करणार? "बघू की. मशीन हाय ना."

मांजराने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. तू खाली मान घालून हसू दाबत होतीस.

पुढेही तेच. कोळंबीचं लोणचं करणारी म्हणाली, थांबवलंय. काजू फोडायचा कारखाना घातलेला म्हणाला, औंदा जरा आराम. दारावरची पाटी मात्र प्रत्येकाची पुसून लख्ख ठेवलेली. इतकं फिरून आल्यावर माझा तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. बंद पडलेल्या धंद्यांचा अभ्यास, आणि बंद पडलेला धंदा एकही नाही! मी परतीच्या वाटेवर तुझ्या पाठीमागून ओरडत होते, आणि तुला इतकं हसू आलं की तू स्कूटर बाजूला घेतलीस आणि उघड्या कातळावर बसकणच मारलीस. माझी पिशवी घरंगळली. मी चिडून म्हटलं, ही माणसं खोटं का बोलतात?

तेव्हा तू हसायची थांबलीस. "खोटं नाही गो. तुला इथलं ठाऊक नाही. इथे धंदा बंद झाला म्हटलं की लोक पुढचा प्रश्न काय विचारतात सांगू? 'मग मुंबईला कधी?' धंदा आहे म्हणजे माणूस घरी का आहे, याला उत्तर आहे. धंदा बंद झाला की पिशवी भरायची आणि निघायचं. मग कोण म्हणेल बंद झाला?"

मला ते पटलं. पण पटलं म्हणून रकाना भरत नाही. मी माझा नियम केला: सलग बारा महिने विक्री नाही, तर धंदा बंद. माणूस काही का म्हणेना. सरळ, साधा, कुणालाही तपासता येईल असा. तुला तो अजिबात मान्य नव्हता. "बारा महिने हे कॅलेंडरला कळतं, माणसाला नाही," असं म्हणालीस. मग एका सकाळी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिलीस. मी फळ्यावर लिहीत होते, पोरं बघत होती, आणि तू तिथूनच म्हणालीस, "दसरा!"

तुझं म्हणणं असं. दसऱ्याला इथे प्रत्येकजण आपल्या हत्याराची पूजा करतो. कोयता, जाळं, शिलाई मशीन, रिक्षा, जे असेल ते. ज्यांचं मशीन वर्षानुवर्षं हललेलं नाही, तेही त्या दिवशी ते पुसतात आणि वर फुलं घालतात. तेव्हा ज्या दसऱ्याला फूल घालायचं राहिलं, त्या दिवशी धंदा बंद. त्याआधी नाही.

मी म्हटलं, नंदा, हे मी कुठल्या नियतकालिकाला पाठवू? परीक्षक हसतील. तू म्हणालीस, हसू दे, त्यांना दसऱ्याला जेवायला बोलावू.

आणि तू ते खरंच केलंस. दसऱ्याला लोक घरी श्रीखंड खातात, आपण स्कूटरवरून दारोदार जाऊन कुणाच्या मशीनवर फुलं आहेत ते बघत फिरलो. मी झेंडू म्हणायचे, तू गोंडे म्हणायचीस, त्यावरूनही वाद. झेरॉक्स मशीनवर ही मोठी माळ होती. मांजराच्या गळ्यातही एक फूल होतं. तू माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलंस. मी म्हटलं, मांजराचा धंदा चालू आहे, एवढंच सिद्ध होतं.

पण मग आपण त्या वहिनींकडे गेलो. आंब्याचा रस काढायचं मशीन घेतलेल्या, पावसच्या पुढच्या. त्यांच्या दाराला तोरण होतं, भाताच्या लोंब्या होत्या, सगळं साग्रसंगीत होतं. मशीन कोपऱ्यात, वर गोणपाट टाकलेलं. फूल नव्हतं. तू काही विचारलं नाहीस. त्याच म्हणाल्या, "औंदा नाय घातलं," आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. आत त्या रडत होत्या, ते बाहेर ऐकू येत होतं. मी रेकॉर्डर काढायला पिशवीत हात घातला, आणि तू माझा हात तिथेच धरून ठेवलास.

परत येताना मी म्हटलं, माझ्या नियमाने हे मशीन केव्हाच बंद झालं होतं, तुझ्या नियमाने आज. तपशिलाचा फरक आहे. तू स्कूटर न थांबवता विचारलंस, "मग त्या आज का रडल्या?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. अजूनही येत नाही. पण उत्तर येत नाही म्हणून समोरच्याचं बरोबर, असं नसतं, आणि हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगत आले.

तुझ्याकडून मी काय शिकले ते मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात तसं बोलायची सवयच नव्हती. दुसऱ्याच्या पडवीत बसावं कसं, हे मी तुझ्याकडून शिकले. आधी पाणी प्यायचं, मग आंब्याला मोहर कसा आहे ते विचारायचं, मग गप्प बसायचं. मला ते गप्प बसणं जमायचं नाही, तू हळूच माझ्या पायाला पाय लावायचीस. शनिवारी दुपारी मला एसटी स्टँडवर सोडायचीस आणि सांगलीची गाडी हलेपर्यंत उभी राहायचीस, उन्हात. मी खिडकीतून जा जा म्हणायचे. तू जायची नाहीस. सोमवारी पहाटेच्या गाडीने उतरले की समोर पुन्हा तूच, जणू मधले दोन दिवस तिथेच उभी होतीस. मला वाटायचं, मी परत येते की नाही याची ही खात्री करून घेते आहे. मी तुला त्यावरून चिडवायचेही. तू म्हणायचीस, "घाटावरच्या लोकांचा काय भरवसा?"

तुझे आभार मी मानले नाहीत. आत्ता मानते. ऐकू येत असेल तर बघ.

पण तात्यांचं प्रकरण मी सोडणार नाही.

तुझे वडील, तात्या. उमेदीची वर्षं बोटीवर खलाशी होते, मग परत येऊन त्यांनी घरामागच्या मांगरात, सामान ठेवायच्या खोपटात, बेकरी घातली. पाव, बटर, खारी, गणपतीत नानकटाई. आपल्या अभ्यासाला याहून चांगलं उदाहरण कुठलं? मी पहिल्यापासून म्हणत होते, तात्यांची मुलाखत घेऊ. आणि तू पहिल्यापासून म्हणत होतीस, शेवटी घेऊ. भट्टी किती वर्षं पेटली नव्हती ते वाडीतल्या पोरांनाही माहीत होतं. आत नारळ आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या होत्या. तरी दर दसऱ्याला तिच्यावर माळ असायची, आणि तू म्हणायचीस, चालू.

मागच्या वर्षी मी तुला तोंडावर म्हटलं, "तुझे वडील आहेत म्हणून तू व्याख्या वाकवतेस." तू शांतपणे म्हणालीस, "असेल. मग?" नंदा, या 'मग'ने मला जेवढा त्रास दिला तेवढा आयुष्यात कुणी दिला नसेल. समोरच्याने कबूलच केलं तर भांडायचं कुणाशी? मग मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, तुझ्या व्याख्येला भोक आहे. ऐन दसऱ्यात सुतक आलं तर? सुतकात पूजा करता येत नाही. म्हणजे कुणीतरी मेलं म्हणून धंदा बंद?

तू विचारात पडलीस. मी पहिल्यांदाच तुला अडकवलं होतं, मला फार बरं वाटलं. मग तू हात झटकलास. "तुझी ती शंकेखोर बुद्धी! येईल तेव्हा बघू."

आलं. बघ आता.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी संशोधन समितीच्या सरांचा फोन. आधी फार वाईट झालं म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, मी उगाच कुणावर आळ घेत नाही. मग म्हणाले, "बाई, तो प्रकल्प आता बंद करून टाकू. महिनाअखेरीला तसं एक पान लिहून द्या, पुढचं मी बघतो. तुम्हीही अडकून पडायला नको." मी हं हं करत होते. मग ते म्हणाले, "आता काय, तुम्ही मोकळ्या. मग सांगलीला कधी?"

प्रश्न साधा होता. आपुलकीनेच विचारलेला. माझा नवराही तोच विचारतो, आणि त्याला तो हक्क आहे, बिचाऱ्याने फार वाट पाहिली. पण मला त्या क्षणी तो झेरॉक्सवाला दिसला, चादरीच्या कडेला उभा, माझ्याकडे बघत असलेला. अभ्यास चालू होता तोवर मी इथे का आहे याला उत्तर होतं. अभ्यास बंद म्हणजे पिशवी भरायची. मी त्यांना म्हटलं, दसऱ्यानंतर सांगते. घरात फेऱ्या मारत राहिले. तुला फोन लावायला हात गेला, दोनदा गेला. स्वतःच्याच मूर्खपणाचा राग आला.

मग दसऱ्याच्या सकाळी तात्यांचा फोन.

"बाय, तुमाला आमचं सुतक नाय ना?"

नाही, म्हटलं.

"मग जरा येऊन जाल काय? भट्टीला दोन फुलं घालायची हायत. आमाला चालत नाय, नि शेजारच्यांस सांगायला बरं नाय वाटत."

मी गोंडे घेतले. बघ, गोंडेच म्हटलं. रिक्षाने आले. वाडीत घरोघरी तोरणं, तुझ्या दाराला काही नाही. तात्या पडवीत भिंतीला टेकून बसले होते. "पाणीसुदा विचारता येत नाय तुमाला," म्हणाले. मी पायरीवर बसले आणि, तू शिकवल्याप्रमाणे, गप्प राहिले. मोहराचं विचारायला हा काही दिवस नव्हता.

मग मीच म्हटलं, "तात्या, दर वर्षी तुम्ही घालता, या वर्षी माझ्या हातून."

त्यांनी मान हलवली. "मी नाय घालत. मी कवाच सोडलं. ती घालायची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि नंदा, माझ्या अंगाची लाही लाही झाली. दर दसऱ्याला ती माळ तू घालायचीस! अभ्यास करणारी तू, आणि ज्याचा अभ्यास करायचा त्याच्यावर फूल घालून त्याला चालू ठरवणारीही तूच! पहिल्या वर्षाच्या पोरालाही आम्ही सांगतो, जे मोजायचं त्याला हात लावायचा नाही. आणि तू तोंड वर करून मला सांगायचीस, चालू! तू समोर असतीस तर मी तुला काय काय बोलले असते, याची मी तिथे पायरीवर बसून मनात उजळणी केली.

तात्या अंगणाकडे बघत बोलत होते. बेकरी पहिल्यांदा तोट्यात गेली तेव्हा तू शाळेत होतीस. लोक विचारायला लागले, मग बोटीवर कधी? त्यांनी भट्टी बंद केली आणि परत बोटीवर गेले. "ती काय बोलली नाय. नुस्ती बघत ऱ्हायली. मी रजेवर आलो तर भट्टीवर सुकलेले गोंडे. कुणी घातले म्हटलं. तर ही म्हणते, बेकरी बंद नाय झाली तात्या, दसऱ्याला फुलं घातली मी." त्यांनी काठी जवळ ओढली. "मग काय जातो बोटीवर? ऱ्हायलो."

बेकरी त्यांनी परत चालू केली, काही वर्षं चालवली, मग गुडघे गेले. भट्टी विझली. फुलं चालू राहिली. "मी म्हणायचो, नंदे, पुरे झालं आता, मी कुठं जात नाय. तरी घालायचीच."

मी तुला नेहमी विचारायचे, ही दसऱ्याची कल्पना तुला सुचली कुठून? तू म्हणायचीस, वाचनातून. लबाड कुठली. एवढी वर्षं माझ्या मागच्या सीटवरच्या किरकिरीला तोंड दिलंस, पण हे एक वाक्य मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी वाद घातला नसता असं नाही. घातलाच असता. पण स्टँडवर उन्हात गाडी हलेपर्यंत का उभी राहतेस, हे मला तेव्हाच कळलं असतं, आणि मी खिडकीतून जा जा केलं नसतं.

मी माडांच्या आगरातून मागे मांगरात गेले. भट्टीचं लोखंडी दार पुसलं. मंत्रबिंत मला येत नाहीत, तुला ठाऊक आहे. फुलं ठेवली आणि उभी राहिले. तात्या काठी टेकत मागे आले होते, दारातच थांबले, आत आले नाहीत.

"आजवर तिच्यासाठी चालवून घेतलं," ते म्हणाले. "औंदा मला वाटलं, घालावी. ती नाय म्हणून."

मग आपल्या अभ्यासाबद्दल विचारलं. "माझी बेकरी तुमी काय म्हणून लिवणार? बंद?"

माझ्या नियमाने बंद. तुझ्या नियमाने, तू हात लावलास म्हणून सगळा पुरावाच बाद. आणि समोर एक म्हातारा माणूस, ज्याने स्वतः सोडून दिलेला धंदा पोरगी गेल्यावर स्वतःहून चालू ठेवला होता. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, तात्या, अजून ठरलं नाही, आमचं त्यावर भांडण चालू आहे. ते हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले असतील. "चालू दे, चालू दे," म्हणाले.

हातात थोडी फुलं उरली होती. अंगणात तुझी स्कूटर उभी होती, सीटवर नारळाच्या झावळीचा कचरा पडलेला. सगळ्या वाडीतल्या गाड्यांना हार होते, हिलाच नव्हता. घरात सुतक, घालणार कोण? मी कचरा झाडला. पुसायला काही नव्हतं म्हणून ओढणीने पुसली. मग उरलेली फुलं हँडलवर ठेवली, एक मागच्या सीटवर, माझ्या जागेवर.

तात्यांसाठी तू फुलं घातलीस आणि तात्या परत आले. तू येणार नाहीस. मला ते कळतं, मी संख्याशास्त्र शिकवते. तरी घातली, आणि मग तिथे अंगणात उभी राहून परत रडले, या वेळी अजिबात न चिडता. तात्यांनी किल्ली आणून पायरीवर ठेवली. सुतकात हातात हात नको म्हणून पायरीवर. "शिका आता," म्हणाले. मी उचलली.

आज सकाळी समितीच्या सरांचा फोन आला. "मग बाई, बंद म्हणून लिहू ना?"

"बंद नाही हो सर," मी म्हटलं. "सध्या थांबलंय."

"परत सुरू कधी करणार?"

"बघू. स्कूटर आहे."

ते हळूच म्हणाले, "आणि सांगली?" मी म्हटलं, शनिवारी जाते, सोमवारी येते. नेहमीसारखी. नवऱ्यालाही काल तेच सांगितलं. तो म्हणाला, स्कूटर चालवताना हेल्मेट घाल. चांगला माणूस आहे तो. हे मात्र तू मान्य करायचीस.

फोन ठेवला, किल्ली समोर ठेवली, आणि तुला हे लिहायला बसले. तू जिंकलीस असं समजू नकोस. माझा नियम मी सोडलेला नाही. माझ्याही नियमाने कशालाही बंद म्हणायला वर्ष पुरं व्हावं लागतं, आणि आपलं काम थांबून अजून दहा दिवससुद्धा झालेले नाहीत. म्हणजे पुढच्या दसऱ्यापर्यंत, स्कूटरला फुलं घातली म्हणून, तुझ्या हिशेबानेही चालू आणि माझ्याही हिशेबाने चालू. एवढ्या वर्षांत आपलं पहिल्यांदाच एकमत झालं आहे, नंदा, आणि तू नाहीस.